येऊ का वर, उस्ताद?

किल्ली एल्विराकडं आहे. ती ऑलिव्हच्या मळ्यात गेलीय, अंधार पडायच्या आत येईल. तोवर बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय लटपटतो, ही घ्या. मनोरा काही कुठं पळून जात नाही.

तुमच्यासारखे पुष्कळ येतात. गळ्यात कॅमेरा, हातात छापील कागद. कागदावर लिहिलेलं असतं की बेनाल्फेरचं सांता मारिया चर्च जुन्या मशिदीच्या जागेवर बांधलं. खरंय, पण अर्धंच. मशीद पाडली, मनोरा नाही. मुसलमानांचं राज्य गेल्यावर राजाचे गवंडी आले, खालून वर बघितलं, हातातली पहार खाली ठेवली आणि म्हणाले, याच्यावर घंटा टांगू आणि गप्प बसू. असं आमचे आजोबा सांगायचे. बाकीचं चर्च मागनं येऊन त्याला चिकटलं, लग्नाच्या फोटोत लांबचे पाहुणे चिकटतात तसं. विटांची ती जाळी बघितलीत ना बाहेरून? मधेमधे हिरव्या चकाकत्या कौलाचे तुकडे बसवलेत. सातशे वर्षांत त्यातले चार पडले. मालागाहून एक इंजिनिअर आला होता, ओळंबा सोडून बसला दिवसभर. शेवटी म्हणाला, "बाई, बोटभरसुद्धा कललेला नाही." मी म्हटलं, "माहितीय. आम्हीच सांभाळतो."

हसू नका. आम्हीच सांभाळतो. या मनोऱ्याची घंटा आमच्या घराण्याकडं किती पिढ्या आहे ते चर्चच्या वहीतसुद्धा सापडायचं नाही, कारण वही नंतर सुरू झाली. माझे वडील बाल्दोमेरो, त्यांचे वडील, त्यांचे काका. मग मी, लेओकादिया. बेनाल्फेरात घंटा वाजवणारी पहिली बाई. गावात मला लेओ म्हणतात. ज्यांना माझ्या तोंडाची भीती वाटते ते लेओबाई म्हणतात.

आता दिवा लावते, आणि तुम्हाला कागदात नाही ते सांगते.

मनोऱ्याच्या तळाला एक ठेंगणं दार आहे. वाकल्याशिवाय कुणाला आत जाता येत नाही, मग तो बिशप का असेना. आमच्या घराची रीत अशी, की दार उघडायच्या आधी बोटाच्या पेरानं दोनदा ठोकायचं आणि म्हणायचं, "येऊ का वर, उस्ताद?" मग एक श्वास थांबायचं. मग चढायचं.

लहान असताना मी बाबांना विचारलं होतं, उस्ताद कोण.

"आपल्या आधी ज्याच्याकडं ही नोकरी होती तो," बाबा म्हणाले.

"तो बांग देणारा?"

"मग आणखी कोण? तो गळ्यानं बोलवायचा, आपण दोरीनं बोलवतो. काम एकच. पण पदानं तो मोठा. मोठ्या माणसाच्या खोलीत विचारून जावं, एवढी रीत आहे ना आपल्याकडं?"

"पण ती सगळी मुसलमान माणसं तर हाकलून दिली ना गावातून?"

"माणसं हाकलली," बाबा म्हणाले. "त्याला कुणी जा म्हटल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही."

त्यात भिण्यासारखं काही नव्हतं हो. शेजारणीच्या दारात आपण "आहेस का गं?" म्हणतो ना, तितकंच. रोज तीनदा विचारायचं, तीनदा चढायचं, तीनदा उतरायचं. वरून कधी ओ आली नाही, आणि येईल असं कुणाला वाटतही नव्हतं.

एकसष्ट साली फेब्रुवारीत बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. माझा नवरा जर्मनीत, कारखान्यात. भाऊ नाही. धाकटी बहीण साग्रारियो, तिला स्टुलावर चढली तरी भोवळ येते. उरले मी, आणि माझी सहा वर्षांची एल्विरा. गावात लगेच कुजबुज सुरू, की घंटा आता फर्मिनकडं जाणार. फर्मिन म्हणजे गुत्त्यावरचा. त्याला बारा आणि एकमधला फरक कळायचा नाही. मी बाह्या सरसावल्या आणि थेट पाद्रींच्या दारात जाऊन उभी राहिले. डॉन एवेलियो नाव त्यांचं. शहरातले, तरुण, नुकतेच आलेले, सारखा चष्मा पुसायची सवय.

"घंटा मी वाजवणार," मी म्हटलं.

"बाई माणूस?"

"घंटा ओढायला मिशा लागत नाहीत, फादर."

त्यांना हसू आलं. मग चष्मा पुसला आणि म्हणाले, "एका अटीवर. तुमच्या घरचे लोक त्या दाराशी जे काही पुटपुटतात ते बंद. देवाच्या घरात देवाशिवाय कुणाची परवानगी नाही. बाकीची गावं हसतात आपल्याला." आणि बायबल पुढं केलं.

मी हात ठेवला. खोटं कशाला बोलू, मला फारसं जडही गेलं नाही. मला ते काम हवं होतं. गुत्त्यात बसलेले ते सगळे म्हणत होते की लेओ आठवडाभरात रडत खाली येईल, आणि मला त्यांची थोबाडं बघायची होती. मी शपथ घेतली, बासष्ट पायऱ्या न विचारता चढले, आणि दुपारची घंटा अशी वाजवली की पलीकडच्या गावचे लोक बाहेर येऊन उभे राहिले. त्या दिवशी मी चौकातून घरी आले ती मान वर करून.

घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. ते भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "पायऱ्या किती?"

"बासष्ट. त्या काय काल-आज बांधल्यात का?"

"मोजत जा," बाबा म्हणाले.

मोजायच्याच असतात. जिना गोल, आत मिट्ट काळोख. एकतिसाव्या पायरीला एक चिंचोळी फट आहे, तेवढाच काय तो उजेड. वर पोचेपर्यंत पायच डोळ्यांचं काम करतात. बासष्टनंतर पाऊल उचललं की खाली सपाट फरशी लागली पाहिजे.

ईस्टरच्या आठवड्यात फरशी लागली नाही, पायरी लागली. नडगीची साल गेली. मला वाटलं मोजायला चुकले. दुसऱ्या दिवशी परत त्रेसष्ट. जूनमध्ये संत योहानच्या सणाला पासष्ट. रोज संध्याकाळी बाबा विचारायचे, "किती?" आणि मी म्हणायची, "बासष्ट." ते माझ्याकडं अर्ध्या चेहऱ्यानं बघत राहायचे आणि "बरं" म्हणायचे.

का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर सगळं गाव म्हणालं असतं, बघा, बाईला मोजतासुद्धा येत नाही. ऑगस्टमध्ये एकाहत्तर झाल्या. एकदा मी भर उन्हात चौकात उभी राहून बाहेरून मनोऱ्याच्या विटांचे थर मोजले. दोनदा मोजले. तो होता तेवढाच होता. फर्मिन गुत्त्याच्या दारातून ओरडला, "काय लेओबाई, ऊन लागलं का?" मी त्याला काय उत्तर दिलं ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही.

आता तो दिवस.

सप्टेंबरचा पहिला आठवडा म्हणजे आमच्याकडं मनुकांचे दिवस. सगळं गाव खाली ओढ्याकाठी उतरतं. उतारावरच्या ओट्यांवर द्राक्षं वाळत पसरलेली असतात, ती रोज उलटायची, वेचायची. दुपारी ऊन असं की दगडाला हात लावता येत नाही, म्हणून सगळे ओढ्याच्या कोरड्या पात्रात जाऊन अंजिरांच्या झाडांखाली झोपतात. तेवढीच काय ती सावली. त्या दिवशी अडतीस माणसं होती खाली. त्यात साग्रारियो होती आणि तिच्याजवळ माझी एल्विरा. वर गावात मी, बाबा, पाद्री आणि चार म्हाताऱ्या.

मी निघाले होते घंटेच्या आसाला तेल घालायला. ऑलिव्हचं तेल. वर डुकराची चरबी न्यायची नाही, तीही एक जुनी रीत, आणि ती मोडा असं काही पाद्री बोलले नव्हते. तेलाची बाटली घेऊन दारात आले, तिथं बाबा सावलीत खुर्ची टाकून बसले होते.

"लेओ," ते म्हणाले. "डोंगर."

मी वर बघितलं. आमच्या डोक्यावर आभाळ लखलखीत, निळंशार. पण लांब डोंगराच्या माथ्यावर एक काळा ढग बसला होता. पसरलेला नाही, एकाच जागी. त्याच्याखाली सगळं करडं दिसत होतं.

"तिथं कोसळतोय," बाबा म्हणाले. त्यांना एकेक शब्द काढायला वेळ लागायचा. "ओढ्याला... पाणी येणार. अर्धा तास. तेवढाही नाही."

खाली जायची पायवाट पाऊण तासाची. हाक मारून ऐकू जाण्यासारखं अंतर नाही. घंटा हाच एक उपाय होता. धोक्याची घंटा म्हणजे थांबायचं नाही, ठोक्यामागं ठोका. ती ऐकली की आमच्याकडचं तान्हं पोरसुद्धा उठून बसतं. मी पळाले.

चौकात चिटपाखरू नव्हतं. चपलांचा आवाज तेवढा माझ्या मागून येत होता. दारापाशी आले आणि माझं बोट आपोआप वर गेलं, ठोकायला. मी ते मागं घेतलं. शपथ ती शपथ, आणि एक श्वास थांबायलाही वेळ कुठं होता. वाकले आणि आत शिरले.

आत गार होतं. जुन्या चुन्याचा आणि कबुतरांच्या विष्ठेचा वास. मी दोन दोन पायऱ्या घेत होते, तरी मोजणं चालू होतं. एकतीस, फट आली. बासष्ट. एकाहत्तर. बहात्तर... त्र्याऐंशी... अंधारात हात भिंतीला घासत चालला होता. मग उजेड दिसला. वाटलं, पोचले.

ती फट होती.

मनोऱ्याला एकच फट आहे हो. मी लहानपणापासून बघतेय. तिच्यातून वाकून बघितलं तर चर्चचं छप्पर खाली होतं. फार खाली. मी पुढं चढले. एकशे वीस. दीडशे. पुन्हा फट. आता चौक तळहाताएवढा होता. श्वास पुरेना. खालून, मागून, कुठूनच काही आवाज नव्हता... माझ्या छातीतला ठोका तेवढा. पुन्हा चढले. पुन्हा तीच फट, तिच्या काठावरचा तोच पिचलेला दगड, आणि या वेळी मी इतकी उंच होते की घारी माझ्या खाली फिरत होत्या.

तिथून ओढा दिसला. घंटेच्या खोलीतून कधी दिसत नाही, मधे टेकाड येतं. पण तिथून सगळं दिसत होतं. ओट्यांवरची द्राक्षं, अंजिरांची झाडं, झाडांखाली आडवी पडलेली माणसं, एकेक, मनुकांएवढी. आणि वरच्या वळणावरून एक तपकिरी रेघ येत होती. हळूहळू येतेय असं वाटत होतं. तिच्यात एक अख्खं झाड उभंच्या उभं चाललं होतं. आणि या सगळ्यावर लख्ख ऊन.

मी किंचाळले. एल्विराला हाक मारली, साग्रारियोला मारली. आवाज त्या जिन्यातच राहिला. पुढं चढायला पाय उचलेना. मला एवढंच कळत होतं की माझी पोर तिथं झोपलीय आणि मला ती दिसतेय आणि मी काही म्हणजे काही करू शकत नाही.

मी वळले. धावत उतरावं, वाटेवर पळत सुटावं, निदान मरताना तिच्याजवळ असावं, असं काहीतरी मनात. एक पायरी उतरले.

एकच पायरी. आणि माझा पाय दाराच्या उंबऱ्यावर पडला.

चौक, ऊन, कारंजं. दार माझ्यासमोर, आत जाताना मी ओढून घेतलं नव्हतं तरी बंद. दोनशे पायऱ्या चढून गेलेली मी, एक पायरी उतरून बाहेर उभी होते. हातात तेलाची बाटली तशीच.

तुम्ही म्हणाल, भीती वाटली असेल. भीती नंतर वाटली. तेव्हा मला लाज वाटली. मोठ्यांच्या खोलीत न विचारता घुसलेल्या पोरीला कुणी दंडाला धरून परत दाराशी आणून उभं करावं, तसं झालं होतं. मारलं नाही, रागावलं नाही. फक्त दाराशी आणून ठेवलं. आणि मी बाल्दोमेरोची लेक, मला हे कुणी शिकवायची वेळ यावी?

मी दोनदा ठोकलं. शपथ मोडली. ती माझी आणि देवाची गोष्ट, आम्ही ती नंतर बघून घेतली.

"येऊ का वर, उस्ताद?" मी म्हटलं. आणि मग राहवेना, पुढं बोलत सुटले. "मी लेओकादिया. चुकले. खाली आमची माणसं आहेत, माझी पोर आहे, एल्विरा. तिला वाचवा. आमच्या घरातलं कुणी पुन्हा न विचारता यायचं नाही. मी नाही, तीही नाही. मोठी झाली की तिलाच तुमच्या हाताखाली देईन..."

मग एक श्वास थांबले. तेवढा लांब श्वास मी जन्मात घेतला नाही.

आणि वर, दाराच्या आत, अगदी वर, कुणीतरी खाकरलं.

म्हातारं माणूस बोलायच्या आधी घसा साफ करतं ना, तसं. एकदाच. सावकाश.

मी वाकले आणि चढले. एकतीस, फट. बासष्ट. पुढचं पाऊल सपाट फरशीवर. खोलीत कुणी नव्हतं. कबुतरंसुद्धा नव्हती. मी दोरी धरली.

किती वेळ वाजवली ते मला माहीत नाही. तळहाताची कातडी निघाली, दोरी ओली झाली, तरी वाजवत होते. तिथून ओढा दिसत नाही, सांगितलं ना. कोण उठलं, कोण नाही, काही कळत नव्हतं. मग टेकाडापलीकडून आवाज आला, डोंगर कडेनं फाटावा असा, आणि तो खाली खाली जात राहिला. तेव्हा माझे हात सुटले. घंटा आपल्या आपण थोडी हलली आणि थांबली.

खाली आले तर डॉन एवेलियो चौकात उभे, बुटांच्या नाड्या सुटलेल्या, झोपेतून उठलेले. माझे हात बघून त्यांनी स्वतःचा रुमाल फाडला. त्याच्या पट्ट्या माझ्या हातांना बांधल्या. मी घराकडं गेले. बाबा दारातच होते.

"किती?" ते म्हणाले.

"बासष्ट, बाबा."

या वेळी ते "बरं" म्हणाले नाहीत. त्यांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. मी पुसलं.

दिवस कलताना माणसं वर आली. चिखलानं माखलेली, एकामागून एक. मी वाटेच्या तोंडाशी उभी राहून मोजत होते. पस्तीस, छत्तीस. सदतिसावी साग्रारियो, आणि तिच्या खांद्यावर अडतिसावी माझी एल्विरा, केसात अंजिराचं पान अडकलेलं. द्राक्षं गेली, दोन गाढवं गेली. माणूस एकही गेलं नाही. मी रडले, हो. आणि रडता रडता मला असा काही अभिमान वाटला म्हणून सांगू. आमच्या मनोऱ्याचा, आमच्या घंटेचा, माझ्या या सोललेल्या हातांचा.

"ऐकू आली ना वेळेवर?" मी म्हटलं. "म्हटलं होतं ना, बाईचा हात आहे म्हणून."

साग्रारियोनं एल्विराला खाली ठेवलं. "काय ऐकू आली?"

"घंटा, आणखी काय?"

"ताई... घंटा नाही वाजली."

मी तिला पट्टी बांधलेले हात दाखवले. ती घाबरून एक पाऊल मागं गेली. "घंटा नाही गं. हाक आली. पुरुषाचा आवाज. मनोऱ्याकडनंच, पण अगदी कानाशी. 'बाल्दोमेरोची साग्रारियो, ऊठ.' एवढंच."

मग सगळे एकदम बोलायला लागले. प्रत्येकाला हाक आली होती. प्रत्येकाला त्याच्या नावानं, बापाचं नाव आधी लावून. दोघं शेजारी शेजारी झोपलेले, पण एकाला दुसऱ्याची हाक ऐकू आलेली नाही, ज्याची त्यालाच. फर्मिनलासुद्धा आली, बापाच्या नावासकट. आता फर्मिनचा बाप कोण हे गावात त्याच्या आईशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. आई तिथंच होती. दोघं आठवडाभर एकमेकांशी बोलले नाहीत.

आणि वर गावात राहिलेल्या चारी म्हाताऱ्या, पाद्री, बाबा, सगळ्यांनी घंटा ऐकली होती. हाक त्यांच्यापैकी कुणालाच आली नव्हती.

मला आधी रागच आला. कातडी माझी गेली आणि नाव त्याचं झालं. मग विचार केला, या गावात जन्मलेल्या प्रत्येकाचं नाव बाप्तिस्म्याला त्याच मनोऱ्याखाली मोठ्यानं घेतात. वरचा ऐकत असणार. तो कुणाला विसरला नाही. आमच्या घराण्याचा वरिष्ठ असा असेल तर मान खाली घालायला मला काही कमीपणा वाटत नाही. आठवड्यानं बघते तर डॉन एवेलियो कबुतरांची जाळी बघायला मनोऱ्यावर निघालेले. दाराशी थांबले, मागं पुढं बघितलं, आणि बोटाच्या पेरानं दोनदा ठोकलं. मी खांबाआड होते. अटीचा विषय पुन्हा त्यांनी काढला नाही.

गावाला माहीत आहे ते इथवर. पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही परके, उद्या निघून जाल.

त्या रात्री मी एल्विराला परातीत बसवून चिखल धूत होते. तिनं केसातलं अंजिराचं पान काढून पाण्यात सोडलं. मग म्हणाली, "आई, मला नाही उठवलं."

"कुणी?"

"त्या हाक मारणाऱ्या बाबांनी. सगळ्यांना ऊठ म्हणाले. मला नाही म्हणाले."

"मग तुला हाक नाही आली?"

"आली ना."

माझा हात थांबला. "काय म्हणाले?"

"म्हणाले, लेओकादियाची एल्विरा, तू नीज. तुला मी नंतर बोलावीन." तिनं पाण्यात हात फिरवला. "मी मग झोपले परत. मावशीनं उचललं तेव्हा जाग आली."

लेओकादियाची. अडतीस माणसांत बापाचं नाव न लावता हाक आलेली ती एकटी. माझंच नाव लावलं होतं, कारण तिचं नाव त्या दाराशी मीच दिलं होतं. साग्रारियोनं तिला उचललं नसतं तर... पण उचललं. ते मी रोज स्वतःला सांगते.

आज एल्विरा साठीची आहे. तिशीत तिनं दोरी हातात घेतली. तिच्यासारखा हात माझा नव्हता, बाबांचाही नव्हता. सणाला आसपासच्या गावांतून लोक नुसते ऐकायला येतात. मला तिचा किती अभिमान आहे ते मी कुणापुढंही सांगेन. आणि एकदाही, ताप असो, वादळ असो, ती न विचारता चढलेली नाही.

पहिल्या दिवशी ती वरून उतरली तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं. मला वाटत होतं, बोलावीन म्हणाला ते याच कामासाठी. आता आली वर, संपलं.

"एल्विरा, बोलावलं का गं तुला?"

तिनं माझ्याकडं बघितलं. तेव्हा मला कळलं, ती काही विसरलेली नाही.

"नाही आई," ती म्हणाली. "मला तर तूच जा म्हणालीस."

त्यानंतर आम्ही दोघी यावर बोललो नाही. फक्त एक सवय लागलीय. आम्ही जेवत असतो, शिवत असतो, आणि बाहेरून कुणीतरी तिला नावानं हाक मारतं. शेजारीण असते, पोस्टमन असतो, कुणीही असतं. ती लगेच ओ देत नाही. हातातलं काम तसंच ठेवते आणि माझ्याकडं बघते. मी उठते, गुडघे दुखतात तरी उठते, खिडकीपाशी जाते आणि बाहेर वाकून बघते. आजवर प्रत्येक वेळी खाली कुणी ना कुणी उभं होतं.